मुलाने केलेली टोपली वापरायला काढा

पालकहो,

शाळेतून ‘टाकाऊपासून टिकाऊ’ची सूचना आली, की बऱ्याच घरांतून आधी स्टेशनरीच्या दुकानात फेरी होते. चकचकीत कागद, चमकी, टिकल्या, थर्माकोलचा तुकडा, डिंकाची मोठी बाटली, कधी रंगाचा स्प्रे. रात्री जेवणं आटोपल्यावर आई किंवा बाबा करायला बसतात आणि मूल शेजारी जांभया देत राहतं. सकाळी एक सुबक फुलदाणी शाळेत जाते, आठवडाभर वर्गाच्या खिडकीत राहते आणि नंतर कचऱ्यात जाते. कार्यानुभवाच्या तासाला वर्षानुवर्षं अशा फुलदाण्या मी हातात घेतल्या आहेत. दिसायला त्या छानच असतात. पण त्यात रद्दी मूठभर असते आणि विकत आणलेलं सामान पिशवीभर. थर्माकोल, चमकी आणि डिंक एकमेकांना चिकटले, की त्यातला कागद पुन्हा रद्दीतही घालता येत नाही. ‘यातलं तू काय केलंस?’ असं विचारलं, की मूल खाली बघतं. त्या खाली गेलेल्या मानेचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून आज तुमच्याशी मनातलं बोलायचं आहे. लहान मुलाच्या हाती देण्याजोगं टाकाऊ कागदासारखं दुसरं सामान नाही, असं माझं ठाम मत आहे. तो घरात असतोच, त्याला पैसे पडत नाहीत, बिघडला तर दुसरा घेता येतो, आणि हत्यार नसलं तरी नुसत्या बोटांनी फाटतो, दुमडतो, वळतो. माझं मागणं इतकंच, की मुलाने जे करायचं ते घराला खरोखर हवं असलेलं असावं, आणि तयार झाल्यावर तुम्ही ते रोज वापरावं. शोकेसमध्ये ठेवू नका. फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला की झालं, असंही करू नका. वापरा.

‘चाव्या कुठे आहेत?’ ‘ओवीच्या टोपलीत.’ हे वाक्य घरात रोज बोललं जातं तेव्हा ओवीच्या मनात काय होत असेल, याचा विचार करा. दोन महिन्यांनी टोपलीचा काठ सैल झाला, तर तो तिलाच आधी दिसतो आणि तीच खळ करून तो चिकटवायला बसते. मार्क देऊन हे साधत नाही.

तर सुरुवात वस्तूपासून करू नका, गरजेपासून करा. एखाद्या रविवारी मुलाला बरोबर घेऊन घरभर फिरा आणि काय काय इकडे तिकडे पडलेलं असतं ते बघा. कपड्यांचे चिमटे, औषधांच्या पट्ट्या, चार्जरच्या वायरी, विजेची बिलं, सुतळी, बटणं, आजोबांचा चष्मा. यांपैकी कशाला जागा हवी आहे ते मुलाला ठरवू द्या. मग रद्दी उपसा.

रद्दीत सगळ्यात आधी पाठकोरे कागद वेगळे काढा. एका बाजूला छापलेले, दुसऱ्या बाजूने कोरे: जुन्या प्रश्नपत्रिका, कार्यालयातले फुकट गेलेले प्रिंट, क्लासच्या जाहिराती. मार्च-एप्रिलमध्ये मुलांच्या वह्यांत मागची पानं उरतात, तीही घ्या. गांधीजी आलेली पाकिटं उकलून त्यांच्या आतल्या बाजूवर लिहीत असत, हे मुलांना जरूर सांगा. वर्ध्याजवळ सेवाग्रामला गेलात तर तिथे ते सांगायला आणखी बरं. अशा पानांची कच्ची वही शिवायला अर्धा तास पुरतो. पानं मधोमध दुमडून एकात एक घाला, बाहेरून जुन्या लग्नपत्रिकेचं जाड कव्हर घाला आणि घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, आतून सरळ खालच्या भोकापर्यंत न्या, बाहेर काढा आणि पुन्हा मधल्या भोकातून आत. आतल्या लांब टाक्यावरून दोऱ्याच्या दोन्ही टोकांची गाठ मारा. झाली वही. स्टेपलची पिन गंजते, हा टाका गंजत नाही. दाभण मात्र दहा वर्षांखालच्या मुलाच्या हातात देऊ नका, भोकं तुम्ही पाडून द्या. फोनशेजारी, स्वयंपाकघरात किराण्याच्या यादीसाठी, गणिताच्या कच्च्या कामासाठी ही वही लागतेच, आणि संपली की दुसरी लागते.

आता ज्या कामावर माझा सर्वांत जास्त जीव आहे, त्याकडे येते. कागदाच्या लगद्याची टोपली. तुमच्यापैकी अनेकांच्या आजीने किंवा पणजीने ती केली असेल. गावाकडे जुने कागद भिजवून, कुटून, त्यात वाटलेली मेथी घालून टोपल्या घडवत. बांबूच्या सुपांच्या आणि टोपल्यांच्या फटीही याच लगद्याने लिंपून बुजवत. घरात अजून कुणी म्हातारं माणूस असेल तर आधी त्यांना विचारा. कुणी मुलतानी माती घालतं, कुणी घालत नाही, कुणी मेथीऐवजी नुसत्या खळीवर भागवतं. प्रत्येकीची रीत थोडी वेगळी आहे. आणि नातवंडाला शिकवताना आजीचा चेहरा कसा होतो, तेही बघून घ्या.

रीत अशी. अर्धा किलो वर्तमानपत्राचा कागद मुलांना फाडायला द्या, नखाएवढे तुकडे. कात्री नको, कारण फाडलेल्या कडेला तंतू मोकळे होतात आणि लगद्यात ते नीट गुंततात. शिवाय चार वर्षांच्या मुलालाही फाडता येतं आणि ते त्याला मनापासून आवडतं. तुकडे बादलीत दोन रात्री भिजू द्या. भिजवण्याआधी कागद काट्यावर तोलून घ्या आणि भिजल्यावर पाणी निथळून पुन्हा तोला. किती पाणी प्यायलं ते मुलाला काढू द्या. वजाबाकीचं असं उदाहरण पुस्तकात भेटत नाही. मग कुटायचं. खलबत्त्यात थोडं थोडं कुटा किंवा हाताने चुरगाळत राहा. मिक्सर वापरायचाच असेल तर भरपूर पाणी आणि अगदी थोडा कागद घाला, आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. अक्षरं दिसेनाशी झाली आणि सगळा करडा मऊ गोळा झाला, की फडक्यात घालून पिळा.

एक वाटी मेथी रात्रभर भिजवून बारीक वाटा आणि त्या गोळ्यात कणकेसारखी मळा. मेथीतला बुळबुळीत चिकट भाग तंतूंना धरून ठेवतो, आणि तिच्या कडूपणामुळे कसर लागत नाही, असा जुन्या बायकांचा अनुभव आहे. खळीत पूर्वी मोरचूद घालत, कीड लागू नये म्हणून. तो विषारी आहे. मुलांच्या कामात तो अजिबात आणू नका.

एक पातेलं पालथं घाला, त्यावर ओलं फडकं किंवा प्लॅस्टिकची पिशवी ताणून बसवा आणि लगदा तळापासून काठाकडे थापत या. जाडी करंगळीच्या अर्ध्याएवढी, सगळीकडे सारखी. इथे मुलाला वेळ द्या. एकीकडे जाड, एकीकडे पातळ होईल; दोन बोटांनी दाबून कुठे पातळ आहे ते त्यालाच शोधू द्या. उन्हात दिवसभर ठेवून लगदा जरा आवळला, की चमच्याच्या पाठीने घासून गुळगुळीत करा. पातेल्यावरून सोडवल्यावर आतली बाजूही वाळवा. पूर्ण वाळायला कडक उन्हातही तीन-चार दिवस लागतात. पावसाळ्यात हे काम काढू नका, लगदा वाळण्याआधीच त्यावर बुरशी येते. एप्रिल-मेची सुट्टी यासाठीच आहे असं समजा. वाळताना चीर पडली तर राखून ठेवलेला ओला लगदा भरा. शेवटी आतून-बाहेरून पाठकोऱ्या कागदाचा एक थर मैद्याच्या खळीने चिकटवा आणि हवा असेल तर गेरूचा हात फिरवा. तैलरंग आणि वॉर्निश टाळा. का ते पुढे सांगते.

वाळलेली टोपली बोटाने वाजवली की लाकडासारखा आवाज येतो. काल हातात लिबलिबत होतं ते आज इतकं कडक कसं झालं, असं मूल विचारेलच. त्याला नीट उत्तर द्या. कागद म्हणजे झाडाचे बारीक तंतू, बहुतेक एक ते तीन मिलिमीटर लांबीचे. पाण्यात ते सुटे होतात. पाणी उडून जाताना ते एकमेकांच्या जवळ ओढले जातात आणि एकमेकांना धरतात. कागदाच्या कारखान्यातही नेमकं हेच घडतं. इ. स. 105 मध्ये चीनच्या दरबारातल्या त्साय लुनने कागदाची जी रीत सांगितली, तिच्यात झाडाच्या सालीबरोबर जुन्या चिंध्या आणि मासेमारीची जाळी होती. म्हणजे कागदाचा जन्मच टाकाऊ वस्तूंतून झाला आहे. आपल्याकडे दौलताबादजवळचं कागजीपुरा हे गाव शतकानुशतकं हातकागदासाठी ओळखलं जातं. वेरूळला जाल तेव्हा वाट थोडी वाकडी करून मुलांना ते गाव दाखवा. पुण्यात शिवाजीनगरला 1940 साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. मुलाने घरी बादलीत जे केलं तेच मोठी माणसं पोटापाण्यासाठी करतात, हे त्याला प्रत्यक्ष दिसायला हवं.

तंतूंची आणखी एक गंमत आहे. वर्तमानपत्राचं पान एका दिशेने फाडलं तर सरळ रेषेत फाटतं आणि दुसऱ्या दिशेने फाडलं तर वेडंवाकडं. यंत्रावर कागद पुढे धावताना बहुतेक तंतू त्याच दिशेला वळतात, म्हणून. ज्या मुलाला हे कळलं ते वहीची घडी आणि नळीची गुंडाळी कोणत्या बाजूने घालायची ते स्वतः ठरवायला लागतं.

नळीचा विषय निघाला म्हणून सांगते. वर्तमानपत्राचं पान सळईवर किंवा जुन्या विणकामाच्या सुईवर तिरकं, घट्ट गुंडाळून टोक खळीने चिकटवलं, की काडी तयार होते. अशा काड्या ताटलीच्या तळावर उभ्या-आडव्या विणून ट्रे होतो. जाड नळ्या उभ्या करून त्यांचा गठ्ठा सुतळीने करकचून आवळला, की त्यावर कुंडी ठेवता येते. विश्वास बसत नसेल तर एका उभ्या नळीवर एक एक पुस्तक ठेवत जा आणि ती कधी वाकते ते मोजा. जपानी वास्तुविशारद शिगेरू बान यांनी 1995 मध्ये कोबेच्या भूकंपानंतर कागदी नळ्यांच्या भिंतींची घरं उभारली आणि 2001 मध्ये कच्छच्या भूकंपानंतर भूजलाही तशी घरं बांधली. तिथे पाया पडलेल्या इमारतींच्या मलब्याचा होता. 2014 साली त्यांना वास्तुकलेतला प्रतिष्ठेचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. कागदाला कच्चा समजणाऱ्या मोठ्या माणसांनाही हे सांगण्यासारखं आहे.

कागदी पिशवी तुम्हा सगळ्यांना येत असेल, म्हणून तिच्यावर फार बोलत नाही. वर्तमानपत्र दुहेरी घ्या, तळाला पुठ्ठ्याचा तुकडा घाला, बंद म्हणून सुतळी ओवा. 2018 मध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हा कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाला अशा लहान पिशव्या हव्याच होत्या आणि आजही चालतात. मुलाला पंचवीस-तीस पिशव्या करून दुकानदाराकडे स्वतः जाऊ द्या. किती किंमत घ्यायची ते त्या दोघांना ठरवू द्या, तुम्ही बाहेर थांबा.

मात्र छापील कागदात खाण्याची वस्तू नको. वडापाव, भजी, पोळी, चिरलेली फळं, काहीच नको. शाई अन्नात उतरते, गरम आणि तेलकट पदार्थात तर लवकर. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही 2023 मध्ये अन्न बांधायला, वाढायला आणि ठेवायला वर्तमानपत्र वापरू नका, असं बजावलं आहे. आजीच्या टोपलीत धान्य असायचं हे खरं, तरी तुमच्या टोपलीत चिमटे, दोरे, चाव्या ठेवा. दुसरी सावधगिरी पावत्यांची. एटीएम आणि मॉलच्या गुळगुळीत पावत्या शाईने छापलेल्या नसतात, उष्णतेने काळ्या पडणाऱ्या रसायनाचा त्यावर लेप असतो. त्या लगद्यात किंवा लहान मुलांच्या हातात देऊ नका. मेणकागद, आतून प्लॅस्टिकचा थर असलेले कागदी कप आणि चांदीचा वर्ख दिलेल्या पत्रिका लगद्याला निरुपयोगी आहेत. चकचकीत मासिकांचा कागदही लगद्याला नीट येत नाही. त्याच्या पट्ट्या घट्ट गुंडाळून गरम भांड्याखाली ठेवायच्या चकत्या मात्र उत्तम होतात.

घरातली सगळी रद्दी वस्तूंत घालवायची, असं माझं म्हणणं नाही. लागेल तेवढीच घ्या. उरलेली कोरडी आणि स्वच्छ ठेवून कचरावेचक ताईंना किंवा रद्दीवाल्याला द्या. भाजीच्या देठांबरोबर भिजलेल्या कागदाला भाव मिळत नाही आणि तो वेचणाऱ्या बाईच्या हातांना घाण लागते ती वेगळीच. पुण्यात 1993 साली डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली या कष्टकऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. तिच्या नावातला पहिला शब्दच कागद आहे. रद्दी देताना मुलाला दारापर्यंत येऊ द्या. त्या ताई कुठून येतात, हा कागद पुढे कुठे जातो, त्यांना किती पैसे सुटतात, हे त्याने आदराने विचारावं. वस्तू करण्याइतकंच हेही शिकण्यासारखं आहे, आणि ते शाळेत आम्हाला शिकवता येत नाही. तुमच्याच दारात येतं.

आता थोडं तुमच्या हातांविषयी. मूल वेडंवाकडं कापतं तेव्हा तुमचा हात आपोआप पुढे जातो. तो मागे घ्या. तीन-चार वर्षांच्या मुलाने फाडावं, भिजवावं, चिखलासारखं कालवावं. सहा-सातव्या वर्षी घडी घालणं, चिकटवणं जमतं. दहाच्या पुढे मोजमाप, शिवण, विणकाम. तेरा-चौदाची मुलं तुमच्यापेक्षा चांगली रचना सुचवतील, सुचवू द्या. तुम्ही शेजारी बसून तुमची स्वतःची वस्तू करा. मुलाच्या वस्तूत बोट घालायचं नसेल तर आपल्या हातांना दुसरं काम देणं हाच उपाय मला तरी सापडला आहे. आणि हो, बाबांनीही बसावं. कागदकाम बायकांचं आणि मुलींचं, असं घरात दिसलं तर मुलगा चौथी-पाचवीतच यातून अंग काढून घेतो.

‘एवढा वेळ कुठे आहे?’ असं तुमच्यातले काही म्हणतील. दोघंही नोकरीला जाता, लोकलमध्ये उभ्याने दीड तास जातो, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच रोज काही करा असं मी सांगत नाही. महिन्यातून एक रविवार सकाळ द्या. ते जमणार नसेल तर सुट्टीत आजोळी जाणाऱ्या मुलाबरोबर हे काम पाठवा. आणि मोबाइल बाजूला ठेवायला लावणारी शिस्त माझ्या पाहण्यात फार थोड्या घरांत टिकली. हातांना गुंतवणारं काम मिळालं की मुलं मोबाइल आपण होऊन विसरतात, निदान लगदा हाताला लागलेला असतो तोवर तरी त्यांना तो उचलता येत नाही. कल्पना कमी पडल्या तर अरविंद गुप्ता यांच्या पुस्तकांकडे वळा. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कचऱ्यातून विज्ञानाची खेळणी करायला असंख्य मुलांना शिकवलं. त्यांची कित्येक पुस्तकं मराठीत आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात.

आता तैलरंग का नको, ते. टोपली दोन-तीन वर्षं वापरली, की तिचा तळ झिजतो, काठ उसवतो. तिला फेकू नका. तुकडे करून पुन्हा बादलीत घाला. तैलरंग लावला असेल तर पाणी आत शिरत नाही, गेरू असेल तर दोन-तीन दिवसांत ती मऊ होते. कुटताना तंतू दर वेळी थोडे आखूड होतात, म्हणून त्यात पाव भाग नवा कागद आणि अर्धी वाटी ताजी मेथी घाला. पहिल्या वेळी जे मूल फक्त फाडायला बसलं होतं, त्याला या वेळी पातेल्यावर लगदा थापायला द्या.